आजेसासूबाईंचे आयुष्य लिहायचे आहे: लुईस बेट ते कॅनडा

प्रश्न:
माझ्या आजेसासूबाई स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या. १९२३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्टोर्नोवेहून ‘मेटागामा’ जहाजाने त्या एकट्या कॅनडाला आल्या आणि बेटावर पुन्हा कधीच गेल्या नाहीत. १९८५ मध्ये लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून नऊ वर्षे मला त्यांचा सहवास लाभला. नातवंडांसाठी त्यांचे आयुष्य लिहून ठेवावे असे फार वाटते, पण माहेरच्या दिवसांविषयी त्या जवळजवळ काहीच बोलत नसत. एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मासे साफ करायला बसण्यापूर्वी त्या बोटांना सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळत आणि दोऱ्याचे टोक दातांत धरून गाठ मारत. ही केवळ त्यांची सवय होती की त्यामागे काही होते? आणि कागदपत्रे कुठे शोधावीत?

प्रतिसाद १:
ताई, ही गाठ हेरिंगच्या धंद्यातली असावी. लुईसच्या कितीतरी मुली कोवळ्या वयातच हेरिंग माशांच्या हंगामामागोमाग शेटलंडपासून थेट इंग्लंडमधल्या यारमथपर्यंत जात. तिघींचा एक गट असे. दोघी आखूड सुरीने मासे साफ करत आणि तिसरी ते मिठाचे थर देत पिंपात रचत असे. सुरीने कापलेल्या जागी मीठ शिरले की जखम चिघळे, म्हणून पिठाच्या गोणीचे कापड फाडून त्या बोटे बांधून घेत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि रशियाची गिऱ्हाइकी कोसळली आणि या कामाचा आधारही डळमळला, हे त्यांच्या निघण्याच्या वर्षाशी जुळते. आजी चालता चालता विणत असत का, तेही आठवून पाहावे. कामावर जाता-येता या मुलींच्या हातात सुया असत.

प्रतिसाद २:
वरील तर्क पटतो, तरी लिहिताना ‘असावे’ आणि ‘होते’ यांतला फरक कटाक्षाने पाळावा, अशी विनंती आहे. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद आहे आणि तिथल्या जन्मनोंदीत आई-वडिलांच्या लग्नाची तारीख व ठिकाणही सहसा मिळते. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या संकेतस्थळावर शोध माहेरच्या आडनावाने घ्यावा. कॅनडाची १९३१ ची जनगणना २०२३ मध्ये खुली झाली आहे, तीही पाहावी. त्यांच्या मौनाविषयी एक सांगावेसे वाटते. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे युद्धावरून परतणाऱ्या नौसैनिकांचे ‘आयोलेअर’ हे जहाज स्टोर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून फुटले आणि घराच्या इतक्या जवळ येऊन २०१ जण बुडाले. त्या दुःखाविषयी बेटावर पुढे कित्येक वर्षे कोणी फारसे बोलत नसे. मृतांच्या यादीत त्यांचे आडनाव जरूर पाहावे, मात्र केवळ आडनाव जुळले म्हणून नाते जोडू नये, कारण तिथे एकच आडनाव असंख्य घरांत सापडते.

मूळ प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचे मनापासून आभार. विणकामाविषयी वाचताच यजमान म्हणाले की, शाळेतून त्यांना घरी आणताना आजी वाटभर विणत चालत असत आणि सुयांकडे एकदाही पाहत नसत. आज नणंदेला विचारून आजींचा शिवणाचा डबा उघडला. त्यात जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या नीट गुंडाळून ठेवलेल्या आहेत. लिखाणाची सुरुवात मी तिथूनच करणार आहे.