मदत हवी आहे: कबड्डीच्या निकालाविरुद्ध मोबाइलचं चित्रीकरण चालेल का?

जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमचा कुमार संघ एका गुणाने हरला. शेवटच्या चढाईत आमच्या पोराचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, मागचा हवेत, समोर सहा गडी. एवढं जुळलं की बोनस म्हणजे एक जादा गुण मिळतो, पण पंचांनी तो दिला नाही. एका प्रेक्षकाच्या मोबाइलवर सगळं स्वच्छ दिसतंय. पोरं ढसाढसा रडली हो.

जागेवर हरकत घेतली, शुल्क भरून लेखी तक्रारही दिली. चित्रीकरण न पाहताच ती फेटाळली. नियमावलीत त्याची तरतूद नाही म्हणे. मूळ फाइल काटछाट न करता त्याच फोनमध्ये आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र द्यायला फोनमालक तयार आहे.

मैदानावरच्या निर्णयात न्यायालयं सहसा पडत नाहीत, हे ठाऊक आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जिम्नॅस्ट जॉर्डन चाइल्सचं कांस्य गेलं तेही गुणांवरची तिच्या प्रशिक्षकांची हरकत ४ सेकंद उशिरा ठरल्यामुळे, म्हणजे प्रक्रियेवर. नंतर चित्रीकरण दिलं, तरी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तेव्हा प्रकरण पुन्हा उघडलं नाही; पुढे २०२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेरतपासणीसाठी लवादाकडे परत पाठवलं.

वकिलावर फार खर्च झेपणार नाही. तर, बोनस नाकारला एवढ्यावर दाद मागता येते, की तक्रार न तपासता फेटाळली हाच मुद्दा धरावा? आणि न्यायालयाआधी राज्य संघटनेकडे अपील करावंच लागतं का?