गणवेश नाही म्हणून पोराला वर्गाबाहेर उभं करायचं का?

खानापूरकर
भाचा तिसरीत आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्याच्या जंगलभागातल्या सरकारी मराठी शाळेत. आमच्याकडचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. कणकुंबीच्या बाजूला पावसानं धरलं की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. गणवेशाचे जोड दोन. एक शाळेतून येताना भिजलेला, दुसरा चुलीवरच्या दोरीवर, दोन दिवस झाले तरी चड्डीची कंबरपट्टी ओलीच. बहिणीनं रंगीत शर्ट घालून पाठवला. प्रार्थना झाली आणि त्याला नि आणखी दोघांना पहिला तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. दुसऱ्या दिवशी पोरगं कुणाला न विचारता ओलाच शर्ट घालून गेलं. धुराचा वास येत होता तो वेगळाच.

गणवेशाला माझा विरोध नाही. पण सरकारी शाळेत तो सक्तीचा कशाला? समग्र शिक्षा योजनेत दोन जोडांसाठी पोरामागं ६०० रुपये धरलेत. म्हणजे जोडाला ३००. त्यात कापड, शिलाई, सगळं. एवढ्यात जे येतं ते आमच्या पावसात टिकत नाही, आणि शिक्षा मात्र पोराला. बोला.

निवृत्त_गुरुजी
व्हरांड्यात उभं केलं ते चूकच. पण एका शिक्षकाच्या चुकीवरून गणवेशच मोडीत काढायला निघू नका. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाळेत गणवेश नव्हता. दसऱ्याला नवे कपडे आले की दिवाळीपर्यंत वर्गाचे दोन भाग पडायचे. पाटलाचा नातू टेरिकॉटच्या शर्टात पुढं, आणि ऊसतोड करणाऱ्यांची दोन पोरं मागं, खांद्याला गाठ मारलेल्या बनियनवर. त्यातलं एक दिवाळीनंतर आलंच नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, पोरं चिडवतात, कापडं घेतली की पाठवते. ती कापडं त्या वर्षी झाली नाहीत. मला पुढचं काही सांगू नका.

सक्ती नसेल तर ऐपत असलेला पहिल्यांदा बाजूला होतो. मग गणवेश म्हणजे फुकट मिळालेलं घालणाऱ्यांची खूण होऊन बसते. सक्ती गरिबासाठी नाही, श्रीमंतासाठी आहे.

वडगावचा_टेलर
गुरुजी, तुमचं म्हणणं कळलं. पण गणवेशात गरिबी झाकते असं म्हणत असाल तर एकदा माझ्या मशीनजवळ येऊन बसा. चौथीच्या पोराची पँट शिवताना मी आत तीन बोटं मुडप ठेवतो, कारण ती पँट सहावीपर्यंत जायची असते. पोर वाढलं की आई मुडप उसवायला घेऊन येते. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग, वरचं सगळं विटलेलं. दुसऱ्यांदा उसवली की दुसरा पट्टा. आता वर्गातल्या पोरांना काय कळत नाही होय? पट्टे मोजतात ती.

आणि कापड फुकट आलं तरी ते अंगावर बसवायचे पैसे कोण देतंय? ठराविक मापाचा शिवलेला येतो तो दहातल्या चार जणांना बसत नाही. मग आल्टर करायला माझ्याकडेच. धंदा होतो, तक्रार नाही माझी.

निवृत्त_गुरुजी
पट्टे मोजतात हे खरं. पण बनियनपेक्षा पट्टे बरे.

पुणेकर_मूळ_बेळगावी
शिस्त सुधारते, भांडणं कमी होतात वगैरे जे म्हणतात त्याचा पुरावा फारसा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचमध्ये १९९४ साली सरकारी शाळांत आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला. गुन्हे घटले म्हणून एवढा गाजावाजा झाला की १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी संसदेपुढच्या भाषणात गणवेशाची भलामण केली. पण त्याच काळात तिथं बाकीचेही उपाय चालू होते. १९९८ मध्ये दोन समाजशास्त्रज्ञांनी देशभरातल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली, तर हजेरी, वागणूक यांवर गणवेशाचा सरळ परिणाम सापडला नाही. मग सक्ती कशाच्या जोरावर?

निवृत्त_गुरुजी
तिकडं टोळ्यांच्या रंगांची भानगड होती म्हणून गणवेश आला. आमच्याकडं प्रश्न बनियनचा. लाँग बीचचं औषध खानापूरला आणि खानापूरचं लाँग बीचला कशाला लावताय?

निपाणीची_लेक
मी गणवेशाच्या बाजूची. आई विड्या वळायची, घरात आम्ही तिघी बहिणी. मोठीचा फ्रॉक मधलीला, मधलीचा मला. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचा मूळ रंग कुठला होता हे आईलाही आठवायचं नाही. पाचवीत शाळेचा नवा गणवेश मिळाला, तो माझ्या आयुष्यातला पहिला माझ्याच मापाचा कपडा. आठवडाभर रात्री उशाशी घेऊन झोपले.

पण दुसरीही गोष्ट सांगते. आठवीपासून मी गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर घ्यायचे. गुरुजींनी कधी विचारलं नाही, मैत्रिणींनी नाही. पुढं २०२२ साली उडपीपासून शाळा-कॉलेजात हिजाबबंदीचं जे सुरू झालं ते बघताना मला सारखं वाटत होतं, मी पंधरा वर्षं उशिरा जन्मले असते तर फाटकातूनच परत आले असते.

नियम_म्हणजे_नियम
ताई, भावना वेगळी, कायदा वेगळा. ५ फेब्रुवारी २०२२ चा आदेश १९८३ च्या कर्नाटक शिक्षण कायद्याखाली निघाला. सरकारी शाळेत सरकारनं ठरवलेला गणवेश, खासगीत तिथल्या व्यवस्थापनानं ठरवलेला. १५ मार्च २०२२ ला उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. आज ओढणी, उद्या टिळा, परवा फेटा. मग गणवेश उरला कुठं?

निपाणीची_लेक
निकाल मीही वाचलाय. आणि १३ ऑक्टोबर २०२२ चाही. सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, प्रकरण योग्य पीठ नेमायला सरन्यायाधीशांकडं सोपवायचं ठरलं. त्यांचं जमलं नाही ते तुमचं दोन ओळींत जमलं, कमाल आहे. आणि टिळ्याचं म्हणाल तर आमच्या वर्गात निम्मी पोरं सोमवारी भस्म लावून यायची. गणवेश उरला होता की!

नियम_म्हणजे_नियम
तो काळ वेगळा होता.

निपाणीची_लेक
गणवेश तोच होता.

सीमाभाग_लढा
मुळात आमच्या मराठी शाळांना बेंगळुरूनं ठरवलेला गणवेश का? महाराष्ट्रात असतो तर हा प्रश्नच...

चंदगडकर
थांबा भाऊ. तुमच्या पलीकडच्याच तालुक्यातून बोलतोय. आमच्याकडं २०२४ मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश, तोही वरूनच शिवून द्यायचा, असा घाट घातला होता. शाळा सुरू होऊन महिने गेले तरी पुष्कळ ठिकाणी गणवेश पोचले नाहीत, आले ते मापात नाहीत. शेवटी डिसेंबरात सरकारनंच माघार घेऊन काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिलं. बेंगळुरू काय नि मुंबई काय, टेप घेऊन पोराजवळ कुणी येत नाही.

वडगावचा_टेलर
हे बरोबर बोलला. गावातल्या पोराचं माप गावातल्याच माणसानं घ्यावं. सीमाप्रश्न एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला काढूया, आता पोराच्या कपड्याचं बघा.

खानापूरकर
गुरुजी, बनियनच्या गोष्टीनं माझं मत थोडं हललं, कबूल करतो. सक्ती ऐपतवाल्यासाठी हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण मग सक्ती आधी देणाऱ्यावर हवी ना? पहिल्या दिवशी दोन जोड मापाचे हातात पडले, पावसाळ्यासाठी तिसरा शाळेच्या कपाटात ठेवला, तर पोराला जाब विचारा. नाहीतर त्यानं काय घातलंय ते बघू नका, आलाय ते बघा.

शिवाय शनिवारचं पांढरं कुणी काढलंच नाही. पीटीसाठी पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हास बूट. हे कुठल्या योजनेत बसतं? चिखलातून दोन किलोमीटर चालत येणाऱ्याला पांढरं!

निवृत्त_गुरुजी
पांढऱ्याचं मी समर्थन करणार नाही. आमच्या शाळेत ते मीच सुरू केलं होतं, गॅदरिंगच्या कवायतीला छान दिसतं म्हणून. तेव्हा हे सुचलं नाही.

बाकी तुमच्या बोलण्यात एक फट आहे. 'मिळाला नाही तर नको' म्हटलं की देणाऱ्याला ते सोयीचंच. नाही दिला तरी कुणाचं अडत नाही. पोरं गणवेशाविना दिसली की पालक बोंब मारतात, म्हणून तर तो येतो.

खानापूरकर
म्हणजे बोंब पालकांनी मारायची आणि उभं पोरानं राहायचं?

निवृत्त_गुरुजी
उभं कुणीच नाही. ते मी पहिल्याच ओळीत लिहिलंय. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास नि देखरेख समितीच्या बैठकीत तुमच्या बहिणीला घेऊन जा आणि कपाटातल्या जोडाचं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

वडगावचा_टेलर
बैठक कधी व्हायची ती होऊ दे. खानापूरकर, माझ्याकडं कापड उरलंय. भाच्याची उंची आणि कंबर मेसेज करा, तिसरा जोड शिवून देतो. शिलाई नको, एसटीनं पाठवायचा खर्च तेवढा तुमचा. मुडप चार बोटं ठेवतो.