मदत हवी आहे: काल रात्रीच्या अग्निगोळ्याचा दगड कुठे शोधायचा?

भटका_जुन्नरी: काल रात्री हिरवट गोळा डोंगरामागे पडला. सीसीटीव्हीत आलाय. आज सुट्टी आहे, शोध कुठून सुरू करू? लवकर सांगा.

ध्रुवमत्स्य: गाव? वेळ? दिशा? किती सेकंद दिसला? आवाज?

भटका_जुन्नरी: नारायणगाव, नऊच्या सुमारास, पश्चिमेला. आवाज नाही. डोंगरामागे म्हटलं ना!

ध्रुवमत्स्य: सगळ्यांना तसंच वाटतं. मोठा गोळासुद्धा बहुधा ३० किमीच्या वरच विझतो. हात ताठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ३० किमी उंचीवर, क्षितिजापासून एका मुठीवर विझला असेल तर अंतर १७० किमी, म्हणजे थेट अरबी समुद्र.

विदर्भवासी: उल्का कसली, रॉकेटचा तुकडा असणार. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं कडं पडलं होतं, विसरलात?

ध्रुवमत्स्य: ते तुकडे सेकंदाला ७-८ किमीने, जवळजवळ आडवे, रांगेने जातात. मिनिटभरही दिसतात. सेकंद कळल्याशिवाय वाद फुकट.

भटका_जुन्नरी: फुटेजमध्ये ४ सेकंद.

विदर्भवासी: बरं, मग उल्का.

केबलवाला: डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) जुनं पुसत जातो, मूळ फाइल आजच पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून पाठवू नका, फ्रेम गळतात. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. कॅमेऱ्याला हात लावू नका; त्याच चौकटीत चंद्र किंवा ठळक ग्रह आला की त्यावरून दिशा-उंची बसवता येते.

शेतकरी_राजा: आमच्या बांधावर काळा जड दगड आहे, चुंबक चिकटतं. काय भाव येईल?

ध्रुवमत्स्य: आपल्या बेसाल्टमध्ये (सह्याद्रीचा काळा खडक) मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, चुंबक चिकटणारच. आत बुडबुड्यांची भोकं असतील तर उल्का नाही, विषय संपला. आणि खरी उल्का असेल तर चुंबक लावूच नये, तिच्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते.

भटका_जुन्नरी: माझं राहिलंच! दोन मुठी भरतात. जाऊ का डोंगरावर?

ध्रुवमत्स्य: दोन मुठी म्हणजे ८० किमीच्या आसपास, बदलापूरच्या वर. एका जागेवरून एवढंच, तेही उंची ३० किमी धरून. दुसरीकडचं फुटेज मिळालं तरच दोन्हीकडून काढलेल्या दिशेच्या रेषा छेदतील आणि जागा कळेल. बदलापूर-कल्याणकडचं कुणी आहे का? गोळा विझल्यावर दीडेक मिनिटाने गडगडाट ऐकू आला का, तेही सांगा.