मेसच्या दारावर 'पर्यावरणपूरक' पाटी, मागे भाताचा ड्रम. आधी खाडा सुरू करा!

खारपाणी
आमचं कृषी महाविद्यालय खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारट आहे त्या पूर्णेच्या खोऱ्यात. या सत्रात मेसच्या दारावर 'पर्यावरणपूरक भोजनगृह' अशी पाटी लागली. सोमवारी ज्वारीची भाकर, भिंतीवर 'अन्न वाया घालवू नका', आणि पाणी वाचवायला म्हणून स्टीलची ताटं जाऊन कागदी प्लेटा. समितीने फोटो काढले, विद्यापीठाला अहवाल गेला, विषय संपला.

एकदा मेसच्या मागे जाऊन पाहा. निळा ड्रम आहे, रात्री नऊनंतर काठोकाठ. वर हळदीच्या पाण्यात फुगलेला भात, अर्ध्या पोळ्या, त्यात लगदा झालेल्या प्लेटा. पोरांनी ताटात टाकलेलं त्यात कमीच असतं. बराचसा भात वाढलाच जात नाही, पातेल्यातून थेट ड्रममध्ये जातो. शुक्रवारी दुपारी निम्मं होस्टेल एसटीने गावी पळतं आणि आचारी पटावरच्या आकड्यावर तांदूळ धुतो. त्याचा काय दोष? महिन्याचं बिल ठरलेलं, खाड्याचे, म्हणजे न जेवलेल्या दिवसाचे, पैसे वजा होत नाहीत, मग 'उद्या मी नाही' हे सांगायची पोरांना गरजच काय?

माझं म्हणणं एवढंच की भाकरी न् प्लेटा नंतर पाहू. आधी खाडा सुरू करा. आदल्या रात्री आठपर्यंत ज्याने नाव कापलं, त्याचे पैसे महिनाअखेरीस वजा. जे शिजलंच नाही त्याचं धान्यही वाचतं, गॅसही, पाणीही, आणि ते ड्रममध्येही जात नाही. समितीच्या यादीतला दुसरा कोणताही उपाय एवढं देत नाही.

मेसवाला_जुना
साहेब, मेस चालवण्यात केस पिकले, म्हणून बोलतो. खाडा आमच्याकडे होता. बंद का झाला ते ऐका. पोरगा खाडा लावून गावी जातो, रविवारी संध्याकाळी परत येतो आणि सरळ रांगेत उभा राहतो. नाही म्हटलं तर 'काका, एक पोळी द्या फक्त'. अशी तीस पोरं आली की भाजी संपते. भाजी संपली की रेक्टरकडे तक्रार, तक्रारीवर दंड. उरलं तर मला कोणी विचारत नाही, कमी पडलं तर माझा ठेका जातो. मग मी शहाणा माणूस जास्तच शिजवणार ना?

दुसरं, आचारी आणि भांडेवाल्या बायांचा पगार खाड्याने कमी होत नाही. दिवसाचे पूर्ण पैसे कापले तर मी १९ किलोचं सिलिंडर कशातून भरू?

आणि प्लेटांवर हसू नका. टँकरचं पाणी विकत घेऊन ताटं धुवायची असतात. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ताट वाळलं की पांढरे डाग. पोरंच म्हणतात, काका ताट नीट धुतलं नाही.

खारपाणी
पूर्ण पैसे कापा असं मी म्हणतच नाही. पगार, भाडं, वीज हा भाग सगळ्यांनी भरावा, खाडा फक्त धान्य-भाजी-गॅसच्या भागाचा. आणि भात एका दमात कशाला टाकायचा? पहिला हंडा निम्म्या पोरांचा, साडेआठला रांग पाहून दुसरा. भात शिजायला अर्धा तासही लागत नाही.

प्लेटांचं म्हणाल तर त्याला आतून पातळ प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तर रस्सा झिरपत नाही. राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ सालीच बंदी आली, त्यांची जागा यांनी घेतली. हा थर मातीत कुजत नाही आणि याच प्लेटांमुळे आता ड्रमातलं खरकटं गोठ्यातही नेता येत नाही.

तिरोड्याची
मी गोंदिया जिल्ह्यातली, शिकायला तिकडे अकोल्याला होते. तुमच्या समितीच्या पाट्यांवर भात म्हणजे पर्यावरणाचा शत्रू आणि ज्वारी म्हणजे देव असं जे चाललंय, त्याला माझा विरोध. हो, पाणी साचलेल्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, हे मलाही शिकवलंय. पण आमच्याकडे धान मालगुजारी तलावांवर (जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव) आणि पावसावर येतो. तिथे ज्वारी लावा म्हणणाऱ्याने एकदा श्रावणात आमच्या बांधीत उतरून दाखवावं.

बरं, बुधवारच्या पनीरबद्दल कोणी का बोलत नाही? एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध जातं. त्या दुधामागे जनावराचा चारा, पाणी आणि तोच मिथेन. तुरीचं वरण, वाल, बरबटी, कढीगोळे असताना दर बुधवारी पनीर हवंच का? पण पनीर काढलं तर पोरं मेस डोक्यावर घेतील. म्हणून गरिबाच्या भाताला नावं ठेवायची.

वावरातला
भौ, इथं जवारीची गोठ निघाली म्हनून बोलतो. जवारी पेरा म्हननं सोपं हाय. रातभर डुकरं राखाले कोन येते? दिवसा पाखरं. अन् कापनीच्या टाइमले पानी आलं का कनीस कायं पडते, मंग ते बजारात कोनी हातात घेत नाई. २०२४-२५ ले हायब्रीड जवारीचा हमीभाव होता क्विंटलले ३३७१ रुपये, सोयाबीनचा ४८९२. मानूस काय पेरन सांगा. (सोयाबीन बी त्या साली हमीभावाच्या खालीच इकलं, ते येगळं.)

आता कालेजची जवारी. आमच्या गावातून चार पोते घेतो म्हनले होते. बिल कवा? तर 'फंड आल्यावर'. व्यापारी त्याच दिवशी नगद देते. कालेजले वावरातून घ्याचं असन तर आधी पैशाचं पाहा. जवारी आम्ही देऊ, कडबा बी देऊ.

अन् एक सांगतो, भाकरच कायले पाह्यजे? दोन-तीनशे पोट्ट्यायच्या भाकरी थापता थापता बायायचे हात मोडतीन. जवारी भरडून तिच्या कन्या करा. भातासारख्या हंड्यात शिजते, वरून ताक. आमच्या आज्याच्या घरी रोज होत्या.

मेसवाला_जुना
@वावरातला कण्यांचं डोक्यात घेण्यासारखं आहे. भाकरीचा त्रास मी भोगतोय. पोळीच्या मशीनमध्ये ज्वारीचा उंडा तुटतो, चिकटपणाच नाही त्यात. थापलेली भाकर दहा मिनिटांत ताठ होते आणि पोरं फक्त मधला भाग खातात. सोमवारी ड्रममध्ये भाकरीच जास्त असतात, हे समितीला कोण सांगणार?

गॅसटाकी
वर्ध्याहून लिहितोय, निवृत्त शिक्षक. आमच्याकडे दत्तपूरचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ पासून असली कामं करतंय, त्यामुळे गोबरगॅसची भीती नाही. खाड्यावर एवढं भांडण कशाला? ड्रम सरळ टाकीत ओता, गॅस मेसला, टाकीतून निघणारी रबडी खत म्हणून शेताला. रोज शंभर किलोच्या वर कचरा करणाऱ्या संस्थेने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. कृषी महाविद्यालयाकडे गोठा आहे, जागा आहे, मग अडतंय कुठे?

खारपाणी
सर, गणित मांडून पाहा. एक घनमीटर गॅस म्हणजे जेमतेम ०.४३ किलो एलपीजी. मेसचं १९ किलोचं एक सिलिंडर भरून काढायला साधारण ४४ घनमीटर लागतील. शेणाचंच धरलं तर घनमीटरला २५ किलो, म्हणजे अकराशे किलो शेण. खरकट्याचा गॅस किलोमागे जास्त निघतो हे मान्य, पण लिंबाच्या साली आणि तेलकट रस्सा जास्त झाला की टाकी आंबते. थंडीत गॅस उतरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकीला खायला काय घालणार? आमच्याकडे आधीची एक टाकी आहेच, तिच्यावर आता वेल चढलाय. ज्या कर्मचाऱ्याकडे ती होती त्याची बदली झाली आणि तेव्हापासून कोणी झाकण उघडलं नाही.

शिजवलेला भात टाकीत घालून त्याच्या गॅसवर परत भात शिजवायचा, यात वाचवलं काय?

गॅसटाकी
वेल चढला हा माणसांचा दोष, टाकीचा नाही. गोठ्याचं शेण रोज घाला, खरकटं त्यात जोड म्हणून, म्हणजे सुट्टीचा प्रश्न उरत नाही. साली वेगळ्या काढायला एक बादली पुरते. तुमचा खाडा कितीही कडक लागला तरी देठं, सालपटं, ताटातलं उष्टं राहणारच. ते कुठे टाकणार, ते सांगा आधी. खड्ड्यात टाकलं तर तोच मिथेन हवेत. गोठ्यात म्हणाल तर प्लेटा काढल्या तरी तोच धोका, गाईने भात भसाभसा खाल्ला की पोटात आम्लता वाढून जनावर दगावतं. तुमच्याच कॉलेजात हे शिकवत असतील.

मुलींचं_होस्टेल
इतका वेळ वाचतेय. आमचं जेवण मुलांच्या मेसमध्ये शिजतं आणि डब्यांतून इकडे येतं. सगळ्यांत शेवटी. 'अन्न वाया घालवू नका' ही पाटी आमच्याही भिंतीवर आहे, पण इथे वाया घालवायला उरतं काय? वरण तळाचं, पोळ्या मोजून. मुलांना कमी पडलं तर ते गाडी काढून फाट्यावरच्या टपरीवर अंडाभुर्जी खाऊन येतात. आमचं गेट सातला बंद.

त्यामुळे 'कमी शिजवा' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कमी शिजवलेल्यातलं कमी आमच्याच वाट्याला येणार हे ठरलेलं. खाड्याला माझी ना नाही, उलट आमच्याकडून आकडा अचूक मिळेल, कारण कोण आत कोण बाहेर याची वही गेटवर रोज भरतेच. तोच आकडा मेसला द्या. पण आमचे डबे पहिल्या हंड्यातून भरा. साडेआठच्या दुसऱ्या हंड्याची वाट मुलांनी पाहावी.

खारपाणी
गेटच्या वहीचं सुचलं नव्हतं, ते लगेच होण्यासारखं आहे. मुलांच्या होस्टेललाही अशी वही आहे, फक्त कोणी भरत नाही.

मेसवाला_जुना
भरतील, पैसे परत मिळाले की भरतील. माझ्या अटी सांगतो. खाडा फक्त धान्याच्या भागाचा. नाव कापलेला पोरगा रांगेत आला तर त्याचं कूपन वेगळं, पैसे रोख. आणि भाजी संपली म्हणून दंड नाही, एवढं कॉलेजने कागदावर द्यावं. स्टीलची ताटं परत आणायला मी तयार आहे, टँकरचा एक हिस्सा कॉलेजने उचलावा.

मुलींचं_होस्टेल
यात डब्यांचा शब्दही नाही, काका.

मेसवाला_जुना
बाई, डबे आधी भरले तर ते नेणारा माणूसही आधी लागतो. तो सध्या मुलांना वाढतो.

मुलींचं_होस्टेल
मग मुलांना हाताने घेऊ द्या की. पातेलं समोर ठेवा. ताटात टाकलेलं किती आणि न वाढलेलं किती, तेही आपोआप कळेल.

वावरातला
बाईचं खरं हाय. अन् त्या चार पोत्याचं बिल अजून बाकी हाय, तेवढं कोनी प्राचार्याच्या कानावर घाला.