मनातल्या चौकाची डावी बाजू

'मनात दिसतं ते चित्र म्हणजे मेंदूत साठवलेला फोटोच' असं कुणीतरी म्हटलंय. मला काही ते पटत नाही. डोळे मिटून वाघ आणा समोर. आला ना? आता त्याच्या शेपटीवरचे पट्टे मोजा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. फोटोत ते मोजता आले असते.

पण म्हणून मनातली चित्रं म्हणजे नुसते शब्दही नसतात. १९७८ साली बिसियाक आणि लुझाती या इटालियन संशोधकांनी मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या दोन रुग्णांना मिलानमधला कॅथेड्रलसमोरचा चौक आठवायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं धरून चाला म्हटल्यावर त्यांनी सांगितलं ते बहुतेक सगळं उजवीकडचं. मग 'आता कॅथेड्रलकडे पाठ करा' म्हटलं, तर मघाशी गाळलेल्या इमारती धडाधड आठवल्या आणि आधीच्या गायब! माहिती शाबूत होती, चित्र मांडतानाच डावी बाजू गळत होती. (मला तर हे वाचून काटा आला होता.)

काहींना डोळे मिटल्यावर वाघ दिसतच नाही, या अवस्थेला २०१५ साली 'अफँटेशिया' हे नाव मिळालं. वाघाला पट्टे असतात हे मात्र त्यांनाही पक्कं ठाऊक असतं.