फणसाखालच्या सावलीत रानहळद जगवायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ. परसात दोन फणस आणि एक भिरंड (कोकम), त्यांच्याखाली ऊन जेमतेम तासभर. मला तिथे आपल्याच रानातली, पावसात उगवून नंतर जमिनीत झोपी जाणारी झाडं हवी आहेत. सासूबाईंच्या माहेरी कुळागरात (सुपारीच्या बागेत) ती पोफळींखाली आपसूक यायची.

मे महिन्यात एका कुळागरातून मागून रानहळदीचे सहा कंद आणून लावले. मिरगाच्या पावसात सगळ्यांना कोंब आले, पण जुलैत चार पिवळे पडले. एक उकरून पाहिला: साल धड, अंगठ्याने दाबलं तर आतून पाणी आणि आंबूस वास. उरलेले दोन दगडी गडग्यालगत (कुंपणालगत) आहेत, तिथे माती वीतभर उंच आहे. चवथीला त्यांचे गुलाबी तुरे बघून फार बरं वाटलं.

बाकी जागी हातभर खणलं की जांभा लागतो, म्हणजे पाणी तिथेच तुंबत असणार. पेव हे दुसरं कंदाचं रानझाड मात्र त्याच ओलीत कमरेएवढं वाढलं, लाल बोंडांतून पांढरी फुलंही आली. म्हणून वाटतं, दोष सावलीचा नाही, पाण्याचा आहे. पण उंच वाफा करायचा तर फणसाच्या मुळांवर माती चढते, आणि जुन्या झाडाचा बुंधा ओलीत गाडायला मन धजत नाही. कोणी असं केलंय का? झाडाला धक्का न लावता पाणी बाहेर कसं काढलंत? फणसाच्या पानांचा थर पावसाळाभर ठेवू की जूनमध्ये ओढून काढू? पानं सुकल्यावर कंद काढून घरात ठेवावेत का?

भुईचाफा तर माझ्याच निष्काळजीपणामुळे गेला. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, खूण ठेवली नव्हती, साफसफाईत कुदळ बसली. पानांआधी थेट मातीतून उमलणारं ते फूल मी एकदाच पाहिलंय. आता चिऱ्यांचे तुकडे लावून जागा आखल्या आहेत.

भुईचाफा आणि काळी मुसळी गोव्यात कुठल्या रोपवाटिकेत मिळेल, किंवा कोणाकडे जादा कंद असतील, तर नक्की सांगा. रानातून उपटलेले नकोत. म्हादई अभयारण्य इथून जवळ आहे, तिथलं तिथेच राहू दे. बदल्यात पेवाचे कंद हवे तेवढे देईन.