मोत्याची आठवण म्हणून मावशीला काय द्यावं? मदत हवी आहे

मावशीचा कुत्रा मोत्या गेल्या महिन्यात गेला. साधा गावठी, पण चौदा वर्षं तिच्या उंबऱ्यावर काढलेला. रंकाळ्यावर सकाळी फिरायला मावशी आता जातच नाही.

तिला आठवण म्हणून काहीतरी द्यायचंय. मोठ्या फोटोची फ्रेम करून दिली होती, ती तिने कपाटात ठेवली. म्हणाली, भिंतीवर बघवत नाही. नवीन पिल्लू आणा असं कृपया सुचवू नका, तो विषय काढला की ती उठून जाते. रोप लावायला जागा नाही, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे.

म्हणून अंगावर राहील असं छोटं चांदीचं पदक डोक्यात आहे, त्यावर मोत्याच्या पंजाचा ठसा. अडचण अशी की ठसा कधी घेतलाच नाही. मोबाईलमध्ये ओल्या फरशीवरच्या पावलांचा एक बऱ्यापैकी स्पष्ट फोटो आहे, आणि पट्ट्याचा पितळी बिल्ला आहे. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दोन ठिकाणी विचारलं, दोघांनीही तयार साच्यातला पंजा दाखवला. तो कुठल्याही कुत्र्याचा वाटतो, मोत्याचा नाही.

शुद्ध चांदी मऊ असते, रोज घातली तर कोरीव काम झिजेल, म्हणून ९२.५ टक्क्यांची घ्यायचं ठरवलंय. बजेट चार हजारांपर्यंत, घाई नाही.

फोटोवरून हाताने कोरून देणारा कारागीर कोल्हापुरात किंवा हुपरीत कुणाच्या माहितीत आहे का? आणि बिल्ला न वितळवता त्याच पदकात मागून बसवता येईल का?